आ-फो काकांच्या पेटीला ताप

"दुखतंय कुठं ते दुखणाऱ्यानं सांगावं. मधल्यानं त्यात साखर घालू नये."

पेंग रुइ-चू हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायची. लग्नात म्हणायची, देवळाच्या सभेत म्हणायची, आणि कारखान्यात तर इतक्यांदा म्हणायची की चहाच्या मशीनजवळ कुणीतरी ते कागदावर लिहून चिकटवलं होतं, खाली साखरेची बरणी ठेवून.

वाक्य तिला कुठून मिळालं ते आमच्या शिनपू गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती नऊ वर्षांची असताना तिच्या आजोबांच्या पोटात कळ आली. आजोबांना आमची हाक्का बोली सोडून दुसरी भाषा येत नव्हती, आणि डॉक्टर होता शहरातला. मग पोरगी मधे उभी राहिली. आजोबा म्हणाले, "पोटात कुणीतरी निखारे ओतून वर नाचतंय." पोरीला हे मोठ्या माणसापुढे बोलायची लाज वाटली. ती म्हणाली, "आजोबांना थोडं दुखतंय." डॉक्टरनं थोड्या दुखण्याच्या थोड्या गोळ्या दिल्या. मुतखडा तसाच राहिला. आजोबा महिनाभर गडाबडा लोळले आणि लोळता लोळता तिला शिव्या देत राहिले. पुढे ते चांगले एक्क्याऐंशी वर्षं जगले, पण त्या शिव्या रुइ-चूच्या हाडात मुरल्या.

मोठेपणी तिला काम मिळालं तेही मधे उभं राहायचंच. आमच्या गावाच्या उतारावर, जिथं पर्सिमॉनच्या बागा संपतात, तिथं लो मालकांचा कारखाना आहे. तिथं वीज वाटून देणाऱ्या पेट्या बनतात. एका पेटीतून आठ लाइनी निघतात, प्रत्येक लाइनीवर एक पंखा नाहीतर एक दिवा. आत नखाएवढी चिप राखण करत बसलेली असते. वीज कमी आली, जास्त ओढली गेली, किंवा अंग तापलं, की चिप ती लाइन तोडते आणि कशामुळं तोडली ते आपल्या पोटात लिहून ठेवते. पण चिपला तोंड नाही. तिच्या पोटातलं वाचून वर आणणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायची रुइ-चू. मी एकदा तिला विचारलं, "म्हणजे नेमकं काय करतेस गं?" ती म्हणाली, "आडात काय आहे ते पोहऱ्यानं वर आणायचं. पोहरा मी बनवते." मी शाळा सहावीत सोडली, पण हे मला एका घोटात कळलं. कारखान्यातल्या कित्येकांना वीस वर्षांत कळलं नाही.

कारण पोहरा वर आला की तो धरायला वेन मॅनेजर उभा असे. ग्राहकाच्या फोनवर जे चित्र दिसतं ते वेनच्या हातात. माणूस वाईट नव्हता. कपडे स्वच्छ, बोलणं गोड, आईला दर रविवारी देवळात नेणारा. पण तो आपल्या लोकांच्या जुन्या चालीत वाढला होता. वडीलधाऱ्याला, गिऱ्हाइकाला, पाहुण्याला आनंदाची बातमी द्यायची. दुःखाची बातमी आपोआप पोचते. त्याच्या फोनच्या पडद्यावर एक हिरवा हसरा चेहरा होता. ड्रायव्हरनं वीज कमी सांगितली काय, जास्त सांगितली काय, ताप सांगितला काय, वेनच्या पडद्यावर एकच ओळ उमटे: "पंखे थोडी विश्रांती घेत आहेत." आणि चेहरा हसतच राही.

"मॅनेजर, पंखा म्हणजे काय जावई आहे विश्रांती घ्यायला?" रुइ-चू विचारायची.

"ताई, गिऱ्हाइकाला ताप, दाब, अंश असलं सांगितलं की त्याच्या पोटात गोळा येतो. तो फोन करतो. तुम्ही घेणार का ते फोन?"

"घेईन."

"तुम्ही घेतलात तर तो परत आपल्याकडं पेटी घेणार नाही," वेन म्हणायचा, आणि यावर मात्र सगळा कारखाना मान हलवायचा.

त्या वर्षी एक पेटी गावातच बसवली. चुंग आ-फो काकांचं वाळवणघर आमच्या आळीत सगळ्यात मोठं. मी तिथं तीस हंगाम पर्सिमॉन सोलतेय. नवव्या महिन्याचा वारा सुटला की अंगण भरून वेताच्या परड्या मांडायच्या, त्यात सोललेली फळं, नारिंगी, जणू कुणी छोटे छोटे दिवे उलटे करून ठेवलेत. हे झाड तुमच्या टेंभुर्णीच्या नात्यातलं, पण लाडात वाढलेलं. वारा कोरडा असेतो फळ अंगणात राहतं. पाऊस आला की सगळं उचलून आतल्या खोलीत न्यायचं, कोळशाची ऊब द्यायची आणि आठ पंख्यांनी हवा खेळती ठेवायची. पंखे अर्धा दिवस थांबले तर फळावर पांढरी लव येते, आणि लव आली की ते फळ डुक्करसुद्धा हुंगून सोडतं.

पेटी बसवायला रुइ-चू स्वतः आली होती. सगळं जोडून झालं आणि जाताना तिनं पिशवीतून हिरवं पाकीट काढून पेटीवर ठेवलं. ते कशासाठी हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरे. पाकिटावर लिहिलेल्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. दवाखान्यातलं मशीन असो की बँकेतलं, डोक्यावर हिरवं पाकीट असलं की ते शहाण्यासारखं वागतं. पिवळं चालत नाही, पिवळ्यानं मशीन रुसतं. तारीख उलटलेलं चालत नाही. आणि काही झालं तरी ते पाकीट खायचं नाही.

दहाव्या महिन्याच्या तोंडावर पाऊस लागला. वारा पडला, ढग डोंगरावरून खाली उतरले आणि आमच्या अंगणात येऊन बसले. अकरा हजार फळं आम्ही एका सकाळी आत नेली. दुपारी तिसरा पंखा थांबला.

काकांनी फोन बघितला. चेहरा हसत होता. काकांनी वेनला फोन लावला.

"मॅनेजर, पंखा झोपला."

"विश्रांती घेतोय, काका. पेटीवर हिरवं पाकीट आहे ना?"

"आहे की."

"तारीख बघा बरं."

काकांनी चष्मा शोधला, मिळाला नाही, पाकीट माझ्यापुढं धरलं. तारीख दोन दिवसांपूर्वी उलटली होती. काका कपाळावर हात मारून दुकानात गेले, नवीन पाकीट आणलं, आणि घडलं असं की ते पेटीवर ठेवतात न ठेवतात तोच पंखा फिरू लागला. काकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू पंखा त्यांनीच शोधून काढला होता.

संध्याकाळच्या आत तिसरा परत थांबला, चौथाही थांबला. काकांनी विचार केला, आठ पंख्यांना एक पाकीट कसं पुरेल? तीन ठेवली. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या सकाळी नऊ, वर देवळातून आणलेलं लाल फडकं. पंखे थांबत, तासाभरानं चालू होत, परत थांबत. प्रत्येक वेळी चालू झाले की काका म्हणत, "लागू पडलं." थांबले की म्हणत, "कमी पडलं."

"तुम्ही डॉक्टर असतात तर गाव मारलं असतंत," खिम-मोई काकू म्हणाल्या. ही काकांची बायको. दात तीनच, पण तिन्ही धारदार.

खालच्या ओळीतल्या परड्यांत मला पहिली लव दिसली. सतरा फळं. मी ती उचलून काकूंना दाखवली. काकूंनी ती सतराही हुंगली आणि बाजूला टाकली.

बातमी उतारावरून कारखान्यात गेली. रुइ-चू उठली आणि वेनच्या टेबलापाशी गेली.

"पंखे का थांबतायत?"

"आता चालू आहेत, ताई. बघा, हसतोय."

"आता चालू आहेत. मघाशी का थांबले ते चिपनं लिहिलंय, माझ्या ड्रायव्हरनं वाचलंय, आणि तुमच्या चेहऱ्यानं गिळलंय. तीन दिवसांचं गिळलंय."

आवाज मालकांच्या खोलीपर्यंत गेला. लो मालक म्हणजे सत्तरीचे, हळू बोलणारे, चहा ओतताना एक थेंब न सांडणारे. त्यांनी दोघांना आत बसवलं. हे पुढचं मला चहा देणाऱ्या बाईनं सांगितलं, आणि ती खोटं बोलत नाही, फक्त लांबवते.

"रुइ-चू," मालक म्हणाले, "झाकली मूठ बरी असते."

"मुठीत पर्सिमॉन आहेत, मालक. कुजतायत."

"तुला काय हवंय?"

"चिप जे बोलते ते जसंच्या तसं आ-फो काकांच्या फोनवर जाऊ दे. कुठली लाइन, काय झालं, किती वेळा. मी लिहून ठेवलंय. वर्ष झालं, ड्रॉवरमध्ये पडलंय."

"काकांना वाचता येत नाही धड," वेन म्हणाला. "चष्मा कायम हरवलेला."

"म्हणून बोलून दाखवेल. हाक्कात. मीच आवाज दिलाय."

वेननं डोळे मिटले. "मालक, या ताईंचा आवाज. गिऱ्हाइकाच्या घरात."

मालकांनी तीन कप भरले. मग म्हणाले, "एकट्या काकांच्या फोनवर. पण एक ठरवून टाकू. बिघाड कुणाच्या हातचा आहे तेही यातून निघेल. ज्याच्या हातचा निघेल तो हंगाम संपेपर्यंत पॅकिंगमध्ये बसेल. तू निघालीस तर तू, वेन निघाला तर वेन. ड्रायव्हरला हात लावायचा नाही, पडद्यालाही नाही."

पॅकिंग म्हणजे मागचा पत्र्याचा गोठा. पुठ्ठे दुमडायचे, चिकटपट्टी लावायची. चोवीस वर्षं ड्रायव्हर लिहिणाऱ्या बाईला ते म्हणजे स्वयंपाकिणीला जोडे सांभाळायला बसवणं. पण रुइ-चू लगेच "बरं" म्हणाली. तिच्या ड्रायव्हरमध्ये खोट नाही हे तिला ठाऊक होतं. वेनही "बरं" म्हणाला, पण चहा न पिता.

त्याच दुपारी आम्ही वाळवणघरात जेवायला बसलो होतो. खारवलेल्या मोहरीचा पाला, डुकराचं मांस, भात. काकांच्या खिशातून एकदम रुइ-चूचा आवाज आला.

"लाइन तीन. वीज तोडली. कारण, ताप. एक्क्याण्णव अंश. आज सातवी वेळ."

काकांच्या हातातून चॉपस्टिक पडली. त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग खिशाकडं.

"ही कुठं लपलीय?"

"फोनमध्ये," मी म्हटलं. "पेटी बोलतेय."

"रुइ-चूच्या तोंडानं?" काका फारच दुखावले. "चाळीस वर्षं हे वाळवणघर चालवतोय. माझ्या घरात कुणी कधी तक्रार केली नाही."

"केली होती," काकू म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू आली नाही. तुमच्याही तोंडावर तो हिरवा चेहरा लावलेला असतो."

"पेटीला ताप आलाय म्हणते. पेटीला कसा येईल ताप?" काका उठले. दहावं पाकीट आणायला गेले, कारण त्यांना दुसरं औषध माहीत नव्हतं. ते त्यांनी चौथ्या-पाचव्या पाकिटाच्या फटीत नीट खोचलं, फडकं सारखं केलं आणि हात जोडले.

आम्ही भात संपवला नव्हता तोच खिसा म्हणाला, "लाइन चार. वीज तोडली. कारण, ताप. ब्याण्णव अंश. आज सहावी वेळ."

काकूंनी वाटी खाली ठेवली.

"तुम्ही पाकीट ठेवलंत, आणि ती ओरडली."

"योगायोग."

"परत बघू? आणखी एक ठेवा."

काकांनी ठेवलं नाही. काकू पेटीपाशी गेल्या आणि हात पाकिटांवर ठेवला, तापलेल्या नातवाच्या कपाळावर ठेवावा तसा. पाकिटं फुगली होती. एकेक टच्च, बेडकाच्या गळ्यासारखी, कोपरे ताठ. काकूंनी दोन पाकिटांमध्ये बोट घातलं आणि झटकन काढून घेतलं.

"खाली जाळी आहे," त्या म्हणाल्या. "पेटीला नाक आहे हो वरच्या बाजूला. तुम्ही तिच्या नाकावर कुरकुऱ्यांचं दुकान मांडलंय."

"काढू नकोस," काका ओरडले नाहीत, कुजबुजले. "अगं, पाकीट काढलं तर बंदच पडेल सगळं. दवाखान्यातसुद्धा काढत नाहीत."

तिथं आम्ही तिघं उभे होतो. खोलीत अकरा हजार फळं, कोळशाची ऊब, आणि दोन पंखे मेलेले. पाकीट काढायचं धाडस कुणाला होईना. काकांनी वेनला फोन लावला. वेन म्हणाला, "काका, पाकिटाला हात लावू नका, हवं तर मी अकरावं पाठवतो." मग काकांनी, जड मनानं, रुइ-चूला लावला.

"काका, ऐकलंत ना? ताप आहे. पेटीच्या आसपास काय आहे बघा. शेगडी जवळ आहे का?"

"शेगडी लांब आहे."

"मग वर काही आहे का?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. काकूंनी फोन ओढून घेतला. "पाकिटं आहेत. दहा. जाळीवर."

पलीकडं खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"काकू," रुइ-चू म्हणाली, "चिपला ताप कळतो. मला चिपचं कळतं. पण डोक्यावर काय ठेवलंय ते आम्हा दोघींनाही दिसत नाही. ते तुम्हालाच दिसणार. काढा सगळी. मी येतेय."

काकूंनी एकेक पाकीट उचललं आणि टोपलीत ठेवलं, अंडी ठेवतात तसं. काका पाठ फिरवून उभे राहिले. शेवटचं निघालं तशी जाळीतून गरम हवेचा सुस्कारा बाहेर आला, खरंच सुस्कारा, मी शपथेवर सांगते. थोड्या वेळानं चौथा पंखा हलला, मग तिसरा. मग आठही. खोलीतली जड हवा उठून बसली आणि चालायला लागली. संध्याकाळपर्यंत फोन एक शब्द बोलला नाही. काका मधूनमधून तो खिशातून काढून कानाला लावत.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. लो मालक, वेन आणि रुइ-चू तिघंही वर आले. लव आलेली सतरा आणि नंतर सापडलेली बावीस, तेवढीच फळं गेली होती. बाकीची अंगणात उन्हाला मांडत होतो. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. मालकांनी पेटीवर हात फिरवला, टोपलीतली पाकिटं बघितली.

वेनचा चेहरा उजळला होता. "मालक, बघा, आपल्या कुणाच्याच हातचं नाही. ना ड्रायव्हरचं, ना पडद्याचं. काकांनीच पाकिटं—"

"आमच्याच हातचं," काका पटकन म्हणाले. आदल्या दिवसापासून ते फार मऊ झाले होते. "दहाच्या दहा मीच ठेवली. कुणाला कुठं बसवायचं कारण नाही."

सगळ्यांना बरं वाटलं. मालकांनी कप उचलला. विषय तिथं मिटला असता, आणि आमच्याकडं विषय असेच मिटवतात.

"पहिलं मी ठेवलं होतं," रुइ-चू म्हणाली.

काकूंनी तिच्या पायावर पाय दिला. मी बघितलं.

"पेटी बसवली त्या दिवशी. शेजारी फळी अरुंद होती, उभं राहीना, म्हणून जाळीवर ठेवलं. जाळी मला माहीत होती. काकांना नव्हती. त्यांनी नंतर माझ्या पाकिटाच्या जागी आणि शेजारी पाकिटं लावली."

"एका पाकिटानं काय होतंय," मालक म्हणाले.

"एकानं जाळी दिसेनाशी झाली."

"रुइ-चू, मी ते असंच बोललो होतो, पॅकिंगचं."

"तुम्ही चहा ओतून ठरवून टाकलं होतंत, मालक. आणि मी बरं म्हटलं होतं." मग ती वेनकडं वळली. "काकांच्या फोनवरचं सगळ्या पेट्यांना जाऊ दे. ते राहील ना?"

वेननं मालकांकडं बघितलं. मालकांनी काकांकडं. काका म्हणाले, "आवाज तेवढा जरा मऊ करता आला तर बघा. पण राहू द्या."

"राहील," मालक म्हणाले.

"मग पुठ्ठे कुठं ठेवलेत ते पॅकिंगवाल्यांना विचारते. आणि जाळीवर एक पट्टी चिकटवायला लागेल, 'पाकीट इथं नको' म्हणून. ते आता माझंच काम."

तिनं चहा संपवला, कप उलटा करून ठेवला, छत्री काखेत मारली आणि परड्यांच्या मधल्या वाटेनं उताराला लागली. वारा परत आला होता आणि समोरून येत होता, तरी ती मान खाली न घालता चालली होती. मालक उभेच होते.

"वेन," ते म्हणाले, "दहा तारखेला नवी चिप येतेय. तिचा ड्रायव्हर कोण लिहिणार?"

वेननं कप खाली ठेवला. तो तिच्याकडं बघत होता, मालक बघत होते, काका कपाळावर हात धरून बिनचष्म्याचे बघत होते. काकू तेवढ्या बघत नव्हत्या. त्या उन्हाकडं पाठ करून फळं उलटत होत्या, आणि मला म्हणाल्या, "गेली का गं वळणापर्यंत?"

"गेली," मी म्हटलं.